अठराव्या उड्डाणाचें रहस्य

इ. स. २०११ मध्यें 'अपोलो १८' नांवाचा इंग्रजी बोलपट प्रसिद्ध झाला. अमेरिकेनें १९७४ सालीं चंद्रावर गुप्तपणें माणसें पाठविलीं व त्यांनीं घेतलेलीं चित्रें पुढें उघडकीस आलीं, तींच हीं होत, असा त्याचा बहाणा आहे. चंद्रावरील दगडच सजीव व घातकी निघाले, म्हणून पुढें कोणी तेथें गेलें नाहीं, असें तो सुचवितो.

खऱ्या इतिहासांत असें गुपित आम्हांस आढळत नाहीं. विसावें उड्डाण १९७० च्या जानेवारींत व आणखी दोन सप्टेंबरांत, मुख्यतः पैशाच्या टंचाईमुळें, जाहीरपणें रद्द झालीं. अठराव्यांत ज्याची वर्णी लागावयाची तो भूगर्भशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट यामुळें मागेंच राहता. परंतु शास्त्रज्ञांच्या आग्रहामुळें त्यास सतराव्यांत घेतलें, आणि ज्यो एंगल या वैमानिकाची संधि गेली. डिसेंबर १९७२ मधील त्या अखेरच्या उड्डाणानें सुमारें ११० किलो दगडमाती आणली. तींतील एक नळी निर्वात डब्यांत जपून ठेविली होती. पुढील पिढीचीं उपकरणें अधिक सूक्ष्म असतील, हा त्यांतील हेतु. ती २०२२ सालीं उघडली.

राक्षसी दगडांची कथा मनास सोयीची वाटते, कारण तींत दोष दुसऱ्याच्या माथीं जातो. चंद्राची वाट लोकांच्या ओसरलेल्या उत्साहानें व त्यांच्याच प्रतिनिधींनीं आंखडलेल्या हातानें बंद झाली, हें सत्य मात्र प्रत्येक राष्ट्रानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.