डेंग्यूच्या पेशंटला सुट्टी कधी? ताप उतरला म्हणजे बरा झाला असं नाही

बुलढाणा : पावसाळा सरता सरता जिल्ह्यात डेंग्यूचे पेशंट वाढतात आणि तेव्हाच सोयाबीनची सोंगणी येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला की नातेवाईक डॉक्टरांच्या मागे लागतात, सुट्टी द्या. नाही दिली तर सही करून पेशंट घेऊन जातात. डेंग्यूत नेमका हाच टाईम धोक्याचा असतो.

ताप साधारण २ ते ७ दिवस राहतो. तो उतरताना पुढचे २४ ते ४८ तास काही पेशंटच्या रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, काळी संडास, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, बेचैनी किंवा सुस्ती, यातलं एकही दिसलं तर सुट्टीचा विषयच काढू नये. घरी नेलेला असेल तर १०८ ला फोन करून लगेच परत न्यावं.

सुट्टीसाठी डॉक्टर काय बघतात? तापाची गोळी न देता २४ तास ताप नाही. भूक लागते, लघवी नीट होते, दम लागत नाही, सलाईन बंद करूनही रक्ताचा घट्टपणा स्थिर आहे. प्लेटलेट, म्हणजे आपण ज्याला 'पेशी' म्हणतो, त्या ५० हजारांच्या वर आणि वाढत्या. दीड लाख होईपर्यंत थांबायची गरज नसते. शॉकमध्ये गेलेल्या पेशंटला मात्र त्यातून सावरल्यावर किमान २-३ दिवस ठेवतात.

रिपोर्ट निगेटिव्ह व्हायची वाट बघायची नसते. ती सवय करोनाची. मार्च २०२० मध्ये बुलढाण्यात करोना आला तेव्हा दोन रिपोर्ट निगेटिव्ह आल्याशिवाय सुट्टी नव्हती. ८ मे २०२० ला केंद्राने सौम्य पेशंटसाठी ती अट काढली. तिथं प्रश्न दुसऱ्याला लागण होण्याचा होता. डेंग्यू माणसाकडून माणसाला थेट लागत नाही, डास लागतो. आणि आयजीएम टेस्ट बरं झाल्यावरही दोन-तीन महिने पॉझिटिव्ह येऊ शकते.

संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खेड्यातला पेशंट असेल तर गाव किती लांब आहे आणि रात्री गाडी मिळते का, हे डॉक्टरांना आधीच सांगावं. अशा पेशंटला एक दिवस जास्त ठेवणंच बरं. घरी आल्यावर अंग दुखलं तर डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन किंवा ॲस्पिरिन मनाने घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो.