कोऱ्या पत्रामागची चौदाशे वर्षे

दीर्घकाळ चालणाऱ्या कथामालांमध्ये एक गोष्ट हमखास घडते. मुख्य कथेत घटकाभर डोकावून गेलेले पात्र मनात घर करते आणि ‘हा आधी कोण होता?’ या प्रश्नापोटी नवी कथा जन्माला येते. ‘स्टार वॉर्स’च्या १९७७ सालच्या पहिल्या चित्रपटात, आरंभीच्या मजकुरात, शत्रूच्या महाशस्त्राचे आराखडे पळवणाऱ्या हेरांचा नुसता उल्लेख होता. २०१६ मध्ये त्या उल्लेखाचा ‘रोग वन’ हा अख्खा चित्रपट झाला. त्यातल्या कॅसियन अँडॉरचे पूर्वायुष्य सांगायला २०२२ पासून स्वतंत्र मालिका आली.

मराठी कथाविश्वातले असे पात्र पुणतांब्यात, गोदावरीच्या काठी समाधिस्थ आहे : चांगदेव. वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन तो ज्ञानदेवांच्या भेटीला निघतो; समोरून भिंत चालत येते; त्याचा अभिमान गळतो. याच जिल्ह्यातल्या ताहराबादच्या महिपतींनी ‘भक्तविजय’मध्ये (१७६२) हा प्रसंग रंगवला आणि कीर्तनकारांनी तो घरोघरी नेला. चांगदेवाचे वय तेव्हा चौदाशे वर्षे. दर शंभर वर्षांनी काळ न्यायला आला, की प्राण ब्रह्मांडी चढवून तो काळाला चुकवी, असे आख्यायिका सांगते. पण त्या चौदा शतकांत त्याने काय पाहिले, कोणती राज्ये उदयास येताना आणि बुडताना पाहिली, याविषयी ती मौन पाळते. कोणत्याही विज्ञानकथालेखकाला मोह पडावा अशी ही रिकामी जागा!

ती भरायला इतिहासात सामग्रीही आहे, कारण चांगदेव एकच नव्हता. महानुभावांच्या पंचकृष्णांतले चांगदेव राऊळ द्वारकेचे रस्ते सूप आणि खराटा घेऊन झाडत. त्यांनी देह सोडला आणि भडोचच्या हरिपाळदेवाच्या मृत शरीरात प्रवेश केला; तेच पुढे चक्रधर झाले, अशी त्या पंथाची श्रद्धा. दुसरा चांगदेव भास्कराचार्यांचा नातू, सिंघण यादवाचा ज्योतिषी. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्याने काढलेल्या मठाची नोंद आहे. तिसरा वटेश्वराचा शिष्य चांगा. हरिश्चंद्रगडाशी जोडलेला त्याचा ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ शके १२३४ चा, म्हणजे ज्ञानदेवांच्या समाधीनंतर सोळा वर्षांनी झालेला.

या तिघांना एका माळेत ओवले, तर देहांतर करणारा, ग्रहगणित जाणणारा, डोंगरात ग्रंथ रचणारा एक दीर्घायुषी पुरुष आयताच उभा राहतो. एकाच नावाची अनेक माणसे लोकस्मृतीत एकजीव झाली आणि त्यांच्या आयुष्यांची बेरीज चौदाशेवर गेली, असा तर्क मोहक आहे. मात्र तो तर्कच. राऊळांचे देहविसर्जन चक्रधरांच्या आधीचे, पाटणचा ज्योतिषी तेराव्या शतकाच्या आरंभीचा. ज्ञानदेवांना भेटण्याजोगा या तिघांत वटेश्वराचा चांगाच उरतो. ‘चांगदेव पासष्टी’चा आरंभही वटेशाच्या नावाने होतो.

त्या पासष्ट ओव्यांमध्ये वाघ नाही, साप नाही, वयाचा आकडाही नाही. आहे तो द्रष्टा, दृश्य आणि दर्शन यांच्या एकपणाचा विचार. चमत्कारांचा डोलारा परंपरेने भोवती उभारला आणि त्याच परंपरेने कोऱ्या पत्राची गोष्टही सांगितली. वयाने लहान, अधिकाराने मोठ्या ज्ञानदेवांना ‘चिरंजीव’ लिहावे की ‘तीर्थरूप’, हे न कळून चांगदेवाने कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, एवढे जगून हा कोराच राहिला. आख्यायिकेने पूर्वकथा का सांगितली नाही, याचे उत्तर इथे आहे. तिच्या लेखी ती वर्षे म्हणजेच तो कोरा कागद. चौदाशे वर्षांचा योगी कोवळ्या मुक्ताबाईला गुरू करतो, तेव्हा कुठे त्यावर पहिले अक्षर उमटते.

चित्रपटांच्या मालिकेला रिकामी जागा परवडत नाही; तिथे प्रत्येक फटीतून नवा भाग निघतो. वारकरी परंपरेने ही फट जाणूनबुजून उघडी ठेवली. ती भरण्याच्या हौसेपायी तीन वेगळ्या माणसांना एका अंगरख्यात कोंबले, तर ज्योतिषाची पाठशाळा, राऊळांचा खराटा आणि चांग्याचा ग्रंथ ही तिघांची खरी कमाई पुसली जाईल. कल्पितलेखकाने कोऱ्या कागदावर खुशाल लिहावे. इतिहासलेखकाने मात्र तिन्ही नावे निराळी ठेवावीत. पुणतांब्याच्या समाधीचा अर्थही त्यातच आहे : काळाला चौदा वेळा चुकवणाऱ्याची गोष्ट परंपरेने अखेर मरणाशी आणून थांबवली, आणि ते मरण पराभव मानले नाही.