आठ मार्चचा महाराष्ट्रातील प्रवास : मागणी, सोहळा आणि नवी मुंबई

नवी मुंबईत आठ मार्चचा दिवस आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. महानगरपालिका, सिडकोच्या वसाहतींतील महिला मंडळे, बँका, शाळा आणि महाविद्यालये या सर्वांच्या वार्षिक नियोजनात त्याला ठरलेले स्थान आहे. व्याख्यान, सत्कार, रांगोळी, पाककला, आरोग्य तपासणी असा कार्यक्रमांचा साचाही बहुधा ठरलेला असतो. हा साचा पाहणाऱ्याला या दिवसाचा महाराष्ट्रातील पूर्वेतिहास सहसा आठवत नाही. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर हा दिवस प्रथम आला तो मागणीपत्र हातात घेऊन. मागणीच्या दिवसाचा सोहळ्याचा दिवस कसा झाला आणि या स्थित्यंतरात नवी मुंबईसारख्या नियोजित शहरातील कोणते प्रश्न दिवसाबाहेर राहिले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

दिवसाचा उगम

महिला दिनाच्या भाषणांतून १८५७ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या वस्त्रोद्योगातील स्त्रियांच्या संपाचा उल्लेख वारंवार येतो. या घटनेला संशोधकांना समकालीन आधार मिळालेला नाही. आधार आहे तो १९१० च्या कोपनहेगन येथील समाजवादी स्त्रियांच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा. क्लारा झेटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे वार्षिक महिला दिनाचा ठराव मांडला. त्या ठरावात तारीख नव्हती. पहिला दिवस १९ मार्च १९११ रोजी जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंड येथे पाळला गेला व त्याची मुख्य मागणी मताधिकाराची होती. आठ मार्च ही तारीख रूढ झाली ती १९१७ साली पेट्रोग्राडमधील कामगार स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या त्यानंतर. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव तर १९७७ चा आहे. तात्पर्य, जन्मापासून या दिवसाला एखादी नेमकी मागणी चिकटलेली होती.

भारतातील आरंभाविषयी एकमत नाही. १९४३ साली मुंबईत सोव्हिएत मित्र संघाने हा दिवस पाळल्याचा उल्लेख स्त्री चळवळीच्या अभ्यासकांनी केला आहे. तरीही महाराष्ट्रातील खरा आरंभ म्हणून १९७५ चेच नाव घेतले जाते. ‘पहिला’ कोणता, हा वाद येथे फारसा महत्त्वाचा नाही. १९४३ चा दिवस मागे परंपरा ठेवून गेला नाही, १९७५ चा ठेवून गेला, आणि या फरकाची कारणे शोधण्यासारखी आहेत.

दुष्काळ, महागाई आणि १९७५

ही कारणे आंतरराष्ट्रीय वर्षाच्या घोषणेपेक्षा महाराष्ट्रातच अधिक सापडतात. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातील लाखो स्त्रियांना रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडायला आणले. शहरांत धान्य, तेल आणि रॉकेलची टंचाई झाली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी आदींच्या नेतृत्वाखाली पक्षभेद बाजूला ठेवून महागाईविरोधी आघाडी उभी राहिली आणि लाटणे व थाळी ही स्वयंपाकघरातील साधने मोर्च्याची साधने झाली. त्याच काळात धुळे जिल्ह्यातील शहादा परिसरात भिल्ल स्त्रिया दारूच्या गुत्त्यांवर चाल करून जात होत्या. स्त्रियांच्या दर्जाविषयी केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल १९७४ च्या अखेरीस पूर्ण झाला आणि स्वातंत्र्यानंतर स्त्रियांची स्थिती आपोआप सुधारत आहे, या समजुतीला त्याने धक्का दिला.

अशा भूमीवर ८ मार्च १९७५ उगवला. लाल निशाण पक्षाने आपल्या मुखपत्राचा विशेषांक काढला. ऑगस्टमध्ये ‘साधना’चा स्त्रीविषयक अंक निघाला, ‘जनवेदना’ या दलित वृत्तपत्राने विशेषांक काढला, आणि ऑक्टोबरमध्ये पुण्यात संयुक्त स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली. पुण्याची पुरोगामी स्त्री संघटना आणि मुंबईची स्त्री मुक्ती संघटना यांची नावे याच काळात पुढे आली. जूनच्या अखेरीस आणीबाणी जाहीर झाली होती. सभा, मोर्चे यांवर बंधने होती. लाटणे मोर्च्याच्या तिन्ही प्रमुख नेत्यांना, म्हणजे गोरे, रांगणेकर आणि दंडवते यांना, त्या काळात तुरुंगवास घडला. अशा वेळी पुण्यातील परिषद भरू शकली, याला आंतरराष्ट्रीय वर्षाचे सरकारमान्य छत्र काही अंशी उपयोगी पडले असावे, असे मानण्यास जागा आहे. बाहेरच्या जगाशी असलेल्या नात्याचा हा अनपेक्षित लाभ म्हणावा लागेल.

याच वर्षीची आणखी एक घटना ग्रंथव्यवहारातील आहे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे १८८२ साली पुण्यात छापलेले पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले होते, स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा प्रकाशित केले. जगभर स्त्रीवर्ष साजरे होत असताना मराठी वाचकाच्या हाती नव्वद वर्षांपूर्वीचा आपल्याच भाषेतील संताप आला. स्त्रीमुक्तीचा विचार परका आहे, या आक्षेपाला याहून चांगले उत्तर मिळणे कठीण होते.

८ मार्च १९८०

दिवस आणि मागणी यांचा सांधा सर्वांत घट्ट जुळला तो १९८० साली. २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. ‘मथुरा खटला’ या नावाने हे प्रकरण ओळखले जाते. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरविले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणून संमती होती, असा युक्तिवादाचा ओघ होता.

वर्षभर या निकालाची फारशी कोणी दखल घेतली नाही. ती घेतली चार प्राध्यापकांनी. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुणे विद्यापीठातील वसुधा धागमवार या विधिशास्त्राच्या अध्यापकांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हा त्या पत्राचा गाभा होता. वर्गात शिकविण्याच्या निकालपत्रातून एक देशव्यापी आंदोलन उभे राहिले, ही गोष्ट महाविद्यालयीन अध्यापकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. जानेवारी १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला; पुढे तोच स्त्री अत्याचारविरोधी मंच म्हणून ओळखला गेला. त्याच्या आवाहनानुसार ८ मार्च १९८० रोजी मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली यांसह अनेक शहरांत निदर्शने झाली. खटल्याचा फेरविचार आणि बलात्काराच्या कायद्यात बदल, या मागण्या होत्या. पहिली मागणी फसली. दुसरीतून १९८३ चा सुधारणा कायदा आला : कोठडीतील बलात्काराला वाढीव किमान शिक्षा, अशा प्रकरणात संमती नव्हती असे गृहीत धरण्याची तरतूद आणि पीडितेची ओळख उघड करण्यास बंदी. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील एका मुलीसाठी दिल्ली-मुंबईतील स्त्रिया एकाच दिवशी रस्त्यावर आल्या, त्या दिवसाला आंतरराष्ट्रीय भगिनीभावाचे नाव होते, आणि हाती भारतीय दंडसंहितेतील कलमे होती. ऐक्य ही भावना न राहता व्यवहार कसा होतो, याचे हे उदाहरण आहे.

१९८३ मध्येच स्त्री मुक्ती संघटनेचे, ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ हे नाटक रंगभूमीवर आले आणि त्याचे प्रयोग गावोगावी झाले. सभागृहात न येणाऱ्या स्त्रीपर्यंत हा विचार पोहोचविण्याचे काम परिसंवादांपेक्षा त्याने अधिक केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

दिवस कोणाचा?

तथापि आठ मार्च सर्व स्त्रियांचा आहे, हे गृहीतक महाराष्ट्रात निर्विवाद राहिले नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे भरलेल्या दलित स्त्रियांच्या अखिल भारतीय परिषदेला हजारो स्त्रिया उपस्थित होत्या. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी अशा मागण्या तेथे हिंदू कोड बिलाच्या आधी मांडल्या गेल्या. तरीही स्त्री चळवळीच्या प्रचलित इतिहासात या परिषदेला दीर्घकाळ स्थान नव्हते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या ग्रंथाने ही उणीव प्रथम ठसठशीतपणे दाखवून दिली. डिसेंबर १९९६ मध्ये चंद्रपूर येथील विकास वंचित दलित महिला परिषदेत २५ डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा, असा प्रस्ताव आला. १९२७ साली याच तारखेला महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत मनुस्मृतीचे दहन झाले होते.

दोन तारखांचा हा वाद पंचांगाचा नाही. जातीचा प्रश्न बाजूला ठेवून स्त्रीऐक्य संभवते काय, असा तो प्रश्न आहे. आणि पनवेलहून महाडकडे जाणारा रस्ता ज्या शहराच्या वेशीवरून निघतो, तेथे तो अधिकच जवळचा ठरतो.

नियोजित शहरातील दिवस

सिडकोची स्थापना मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचे कामकाज सुरू झाले आणि १९९५ साली पहिली निवडणूक झाली. म्हणजे हे शहर नागरी स्वराज्यात आले ते नेमके त्या वर्षांत, जेव्हा ७४ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या आणि १९९४ च्या महिला धोरणाने महाराष्ट्र शासनाने स्त्रीप्रश्न आपल्या कामकाजात घेतला. जुन्या मुंबईत आठ मार्च शासनाच्या विरोधात आला होता; नवी मुंबईत तो बव्हंशी शासनाच्या हातून आला. महिला व बालकल्याण समिती, तिचा निधी, वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातील कार्यक्रम, ही त्याची चौकट होती. यात गैर काही नाही. ज्या तरतुदींसाठी चळवळी झगडल्या, त्यांचेच हे फळ होते.

परंतु दिवसाचे रूप हळदीकुंकवाच्या वळणावर गेले. वाणाच्या जागी भेटवस्तू आली आणि २००४ नंतर दूरचित्रवाणीने लोकप्रिय केलेला पैठणीचा खेळही आला. विधवेला दाराबाहेर ठेवणाऱ्या विधीची घडण महिला दिनाने उचलावी, यातील विसंगती क्वचितच कोणाच्या ध्यानात आली. महाविद्यालयेही याला अपवाद नाहीत. महिला विकास कक्षाचा अहवाल मूल्यांकनाच्या फाइलमध्ये लागला की दिवस पार पडला, अशी स्थिती अनेक ठिकाणी दिसते.

या चौकटीबाहेर राहिलेल्या दोन गोष्टींचा निर्देश आवश्यक आहे. पहिली कचरावेचक स्त्रियांची. मुंबई परिसरातील या कामात बहुसंख्य स्त्रिया आहेत, त्यांतही दलित आणि भूमिहीन. अनेक कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. ज्या दुष्काळाने लाटणे मोर्चा घडविला, त्यानेच ही श्रमिक स्त्री शहराच्या कचराकुंडीपाशी आणून उभी केली. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून ‘परिसर विकास’ उपक्रमाद्वारे मुंबई आणि नवी मुंबईत त्यांचे संघटन केले. ओळखपत्रे, बचत गट, खतनिर्मिती आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण तंत्रावरील बायोगॅस प्रकल्प चालविण्याचे प्रशिक्षण दिले. या स्त्रियांचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय दिवस आहे, तो आठवडाभर आधी, १ मार्चला येतो. कोलंबियातील बारांकिया शहरात १९९२ साली कचरावेचकांच्या हत्या झाल्या, त्यांच्या स्मरणार्थ तो पाळला जातो. मार्च २००८ मध्ये बोगोटा येथे कचरावेचकांची पहिली जागतिक परिषद भरली, तेव्हा भारतातील प्रतिनिधीही तेथे होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. आंतरराष्ट्रीय स्त्रीऐक्य नवी मुंबईत कोठे शोधावे, असा प्रश्न पडला तर नाट्यगृहापेक्षा तुर्भ्याची कचराभूमी अधिक योग्य ठिकाण ठरेल.

दुसरी गोष्ट जमिनीची. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पग्रस्तांच्या लढ्यात दास्तान फाटा आणि नवघर येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. भातशेती, मिठागरे आणि मासेविक्री यांत आगरी-कोळी स्त्रियांचे श्रम पुरुषांच्या बरोबरीचे होते; सातबाऱ्यावर मात्र नावे बहुधा पुरुषांचीच होती, आणि मोबदला नावावर मिळतो, श्रमावर नाही. हिंदू वारसा कायद्यातील महाराष्ट्राची दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली. तिने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, पण त्याआधी विवाह झालेल्या मुलींना वगळले. हे बंधन २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने सुटले. तोवर नव्वदच्या दशकातील भूखंडवाटप पुष्कळ पुढे गेले होते.

कायद्याने दिलेला हक्क घरात सोडविला जातो तो हक्कसोडपत्राने. भावाशी नाते टिकावे, माहेरचे दार उघडे राहावे म्हणून बहीण सही करते आणि दस्तऐवजात ती ‘राजीखुशीने’ केल्याचे नोंदले जाते. १९७९ च्या पत्रात चार अध्यापकांनी शरण जाणे आणि संमती देणे यांत केलेला भेद या कागदालाही लावून पाहता येतो. बेलापूर, पनवेल, उरण येथील दुय्यम निबंधक कार्यालयांतील अशा दस्तऐवजांचा अभ्यास परिसरातील कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातला आहे. इतिहास, विधी, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन तो हाती घ्यावा, असा तो विषय आहे.