सेट
सेट : इंग्रजीतील अत्यंत बहुअर्थी शब्द. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या 1989 च्या आवृत्तीत याच्या क्रियापदाचेच 430 अर्थ नोंदले आहेत. पुढे हा मान ‘रन’ या शब्दाकडे गेला.

वस्तुतः येथे दोन शब्द एकरूप झाले आहेत. क्रियापद जुन्या इंग्रजीतील ‘सेट्टान’चे, ते ‘सिट’ म्हणजे बसणे याचे प्रयोजक रूप. मराठीत ‘बसणे’वरून ‘बसवणे’ होते, तसेच. म्हणूनच कोंदणात खडा बसवणे, निखळलेले हाड बसवणे या दोन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’च येतो. संस्कृतातील ‘सद्’ धातू (सदन, संसद) याच कुळातला. मात्र सूर्य मावळतो, दही लागते, गजर लावतात. या प्रत्येक ‘सेट’ला मराठीत वेगळे क्रियापद आहे, आणि ही आपल्या भाषेची श्रीमंती होय.

‘समूह’ या अर्थाचे नाम बहुतांशी जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सेक्टा’पासून आले. ग्रुप, कलेक्शन हे त्याचे पर्याय. गणितात त्याला ‘संच’ म्हणतात. दागिन्यांचा, टेनिसमधला आणि चित्रीकरणाचा सेट मराठीत जसाच्या तसा रुळला आहे.