वाढत्या अंगाचे कपडे

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरी कापड येई आणि त्याच्या पाठोपाठ शिंप्याकडे एकच सूचना जाई, "मापे वाढत्या अंगाची घ्या." त्यामुळे पहिल्या दिवाळीत सदरा गुडघ्यांशी सलगी करी, दुसऱ्या दिवाळीत तो जेमतेम बेताचा होई आणि तिसऱ्या दिवाळीत धाकट्या भावाच्या अंगावर जाई. सदरा ज्या वर्षी अंगाला नीट बसे, त्या वर्षी तो नवा नसे. वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांचे बालपण असेच ढगळ कपड्यांत गेले असेल. त्यात वाईट काही नव्हते. पण एक कपडा असा आहे की तो वाढत्या अंगाचा घेतला तर जिवाशी गाठ पडते. हे मला चाळिशी उलटल्यावर कळले, आणि तेही ठाण्याच्या वागळे इस्टेटीत.

ही वसाहत जुनी. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच्या आधीपासून येथे कारखाने उभे राहत होते. येथल्या रस्त्यांना नावांऐवजी नंबर आहेत. अशाच एका नंबरी रस्त्यावरच्या रबराच्या लहानशा कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. यंत्रांना लागणारी गास्केटे तयार करायची, हा त्याचा धंदा. शाळेत असताना तो गणितात बुडे आणि तलावात तरंगे. पुढे त्याला ट्रायथलॉनचे वेड लागले. आधी पोहायचे, मग सायकल हाणायची आणि शेवटी धावायचे, असा हा तिपेडी खेळ. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे येथे तो प्रथम या नावाने खेळला गेला. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली 'आयर्नमॅन' झाली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटर धाव! पंधरा जण निघाले आणि बारा पोहोचले. इ. स. २००० मध्ये सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्येही आला. आपल्याकडे मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची आयर्नमॅन पुरी केली, तेव्हा हे नाव घरोघर पोचले.

माझ्या विद्यार्थ्याने पै पै साठवून युरोपातल्या एका तळ्याकाठच्या स्पर्धेत नाव घातले. तेथले पाणी गार. म्हणून वेटसूट, म्हणजे रबरी स्पंजाचा अंगभर पोशाख, घ्यायचा होता. दोन मापांत त्याचे मन अडले. तो माझ्याकडे आला. "सर, कुठला घेऊ?" मी दिवाळीच्या परंपरेला जागून सांगितले, "मोठा घे रे. श्वास मोकळा राहील."

त्याने माझे ऐकले. स्पर्धेच्या दिवशी चारशे-पाचशे मीटरवर त्या मोकळ्या मानेतून गार पाणी आत शिरू लागले. हात मारला की पाठीशी नवे पाणी, पुन्हा हात मारला की पुन्हा नवे. दंड जड झाले, छातीत धडकी भरली, आणि बचाव-नावेला हात लावून तो काठावर परत आला. घरी आल्यावर त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. म्हणूनच तो सल्ला मला अधिक बोचला. ज्या विषयातले आपल्याला कळत नाही त्यात मास्तराने बोलू नये, आणि बोललाच तर निदान नंतर तरी वाचावे. मी वाचायला बसलो. पदार्थविज्ञानाशी माझी सोबत मॅट्रिकपर्यंतचीच. तरी ही कथा मला समजली.

तिची सुरुवात माझ्या विद्यार्थ्याच्या हाताखालच्याच मालापासून होते. १९३० साली अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या हाताखालच्या रसायनज्ञांना एक कृत्रिम रबर गवसले; तेच निओप्रीन. तेलाने ते साध्या रबराइतके खराब होत नाही, म्हणून नळ्या आणि गास्केटे यांसाठी ते वापरात आले. वीस वर्षे त्याचा वास यंत्रांनाच माहीत होता. मग १९५१-५२च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर या कॅलिफोर्नियातल्या पदार्थवैज्ञानिकाने पाणबुड्यांच्या थंडीचा विचार केला. पहिल्या अणुबाँबच्या कामावर राबलेला हा माणूस. तोवर सारे म्हणत, ऊब हवी तर अंग कोरडे ठेवा. ब्रॅडनर म्हणाला, अंग भिजले तरी बिघडत नाही. ऊब धरतात ते रबराच्या फुगीर स्पंजातले वायूचे बंद बुडबुडे! पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. मध्ये बुडबुड्यांची गोधडी आली की ती वाट अडते. आतले पातळ पाणी शरीराच्या उबेने कोमट होते आणि तेथेच राहते. मात्र ते तेथेच राहिले पाहिजे. ढगळ सूटमध्ये ते क्षणोक्षणी बदलते आणि माणूस स्वतःच्या रक्ताने तळे तापवीत बसतो. माझ्या सल्ल्यातली चूक ही अशी, सत्तर वर्षांपूर्वीच उघडी पडलेली होती.

पुढे जॅक ओनील वगैरे मंडळींनी हा पोशाख लाटांवर खेळणाऱ्यांपर्यंत नेला. पण त्याचे खांदे ताठ. त्यात उभे राहता येई, मैलभर हात मारता येत नसे. १९८७ साली डॅन एम्पफील्डने खास ट्रायथलॉनसाठी सूट काढला. खांद्याला पातळ, धडाला जाड, बाहेरून गुळगुळीत. बुडबुड्यांमुळे पाय वर उचलले जातात, म्हणून पाणी कमी अडवते आणि पोहणाऱ्याचा वेगही वाढतो. या फुकटच्या वेगाला लगाम हवा, म्हणून जाडी पाच मिलिमीटरच्या वर चालत नाही. आयर्नमॅनमध्ये पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर हौशी स्पर्धकाला सूट बेलाशक चालतो, आणि २८.८च्या वर तो मुळीच घालू देत नाहीत. कारण मग धोका थंडीचा नसून उकडण्याचा असतो.

येथे कोणी म्हणेल, आपल्या पोहणाऱ्यांना असले लाड कोठे होते? खरे आहे. १९५८ साली मिहिर सेन आणि १९५९ साली आरती साहा इंग्लिश खाडी पोहून गेली ती साध्या पोशाखात. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ साली जगातल्या सात कठीण सामुद्रधुन्यांची माळ पुरी केली, आशियात सर्वांत आधी, तीही वेटसूटवाचून. त्या वाटेचा नियमच तो आहे. पण ती माणसे थंडीशी शरीराचा करार वर्षानुवर्षे करीत आलेली असतात. दिवसा गास्केटे कापून संध्याकाळी ठाण्याच्या कोमट हौदात पोहणाऱ्याने त्यांची बरोबरी करायला जाणे हा पराक्रम नव्हे, अविचार होय.

दुसऱ्या वर्षी त्याने पुन्हा नाव घातले. या वेळी कमी मापाचा सूट आला. मी वाचलेले सारे कागदावर उतरवून त्यांच्या किसननगरच्या खोलीवर गेलो. त्याची आई चाळीस वर्षे लोकांची पोलकी शिवीत आलेली. तो काळा पोशाख पाहून ती म्हणाली, "हे तर बेडकाचं कातडं!" कागदाप्रमाणे आम्ही सुरुवात केली. पायांत आधी पातळ पिशव्या, म्हणजे सूट सरकतो. ओढायचा तो बोटांच्या पोटांनी, नखांनी नव्हे; नख लागले की रबर चिरते. पाय पुरते वर आल्याखेरीज धड चढवायचे नाही, नाहीतर सारा ताण खांद्यांवर येतो. पाठीमागची चेन मात्र दुसऱ्याने लावायची. ती आईने लावली.

मग माझा कागद बाजूला पडला. बाईंनी त्याला हात वर करायला लावले, काखेत बोट फिरवले, जांघेशी पाहिले आणि कमरेच्या खोलगटात तळहात ठेवून म्हणाल्या, "मास्तर, इथं झोल नाही. मागच्या वेळी इथंच होता. मला वाटलं होतं, पण तुम्ही सांगितलं म्हणून गप्प बसले." यावर मी काय बोलणार? गळा तेवढा त्यांना घट्ट वाटला. "गिळून दाखव," त्या म्हणाल्या. त्याने आवंढा गिळला, खोल श्वास घेतला, खोकून दाखवले. घट्ट होता, पण आवळत नव्हता. कोरड्या अंगावर जो किंचित घट्ट वाटतो तोच पाण्यात बरोबर बसतो, हे माझ्या कागदावर होते. बाईंच्या हातांत ते आधीच होते.

जानेवारीतल्या पहाटे आम्ही हौदावर त्याची परीक्षा घेतली. दहा मिनिटेच, कारण आपल्या पाण्यात त्यात अंग तापते. मानेला काचू नये म्हणून खास मलम लावले. खनिज तेलाचे मलम रबराला मानवत नाही. घरी आणून गोड्या पाण्यात खळबळून, उलटा करून, सावलीत वाळत घातला. चाळीतल्या दोरीवर बिनडोक्याचा माणूस लोंबकळताना पाहून शेजारची पोरे दिवसभर हसत होती.

त्या उन्हाळ्यात त्याचा दूरध्वनी आला तेव्हा मी बाईंच्याच खोलीवर होतो. ३.८ किलोमीटर पोहून तो बाहेर पडला होता. सायकलही झाली होती. धाव अपुरी राहिली, वेळ संपली. त्याच्या आवाजात खंत होती. आईने सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पाठीत पाणी आलं का रे?"

"नाही आलं," तो म्हणाला.

"मग झालं," म्हणून तिने यंत्राचे पायटे पुन्हा हलवायला घेतले. दिवाळी जवळ येत होती. तिच्यापुढे कोणा शाळकरी मुलाचा सदरा होता आणि मापे अर्थातच वाढत्या अंगाची होती.