सहा तासांपूर्वीची प्रत

(वेळा ग्रीनिचच्या आहेत, आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवावेत.)

३१ जानेवारी २०१७, मंगळवार. १७.२०

गिटलॅब डॉट कॉम ही जगभरच्या प्रोग्रामरांची कामाची जागा. इथे ते कोड ठेवतात, त्यातल्या चुका नोंदवतात, एकमेकांच्या कामावर टिपणं लिहितात. कुठला प्रकल्प कोणाचा, कुठलं टिपण कशावरचं, या सगळ्या नोंदी पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये असत.

कंपनीच्या एका अभियंत्याला त्या दिवशी चाचणी सर्व्हरवर एक प्रयोग करायचा होता. डेटाबेसवरचा भार अनेक सर्व्हरांवर वाटता येतो का, हे त्याला पाहायचं होतं. त्यासाठी ताजा डेटा हवा. आपोआप निघणारा स्नॅपशॉट, म्हणजे डेटाबेसची त्या क्षणाची प्रत, २४ तासांतून एकदाच निघे, म्हणून त्याने स्वतःच चालू डेटाबेसचा एक स्नॅपशॉट काढला आणि चाचणी सर्व्हरवर चढवला. बचावाचा विचार त्यात कुठेच नव्हता. हे काम त्याने उद्यावर टाकलं असतं तरी त्या संध्याकाळी कोणाचं काही अडलं नसतं.

१९.०० च्या सुमारास

डेटाबेसवरचा भार एकाएकी वाढला. लोकांना टिपणं लिहिता येईनात. स्पॅम टाकणाऱ्यांवर संशय गेला आणि भार आटोक्यात आणण्यात पुढचे काही तास गेले. एक कारण घरातलंच होतं, ते मागाहून कळलं: कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध गैरवापराची तक्रार आली होती, ते खातं चुकून काढून टाकण्याच्या रांगेत लागलं होतं आणि त्याचा सगळा डेटा पुसण्याचं काम पाठीमागे चालू होतं.

२३.०० च्या सुमारास

आपल्याकडे पहाटेचे साडेचार. तिकडे अभियंता रात्र झाली म्हणून काम थांबवायच्या बेतात होता, तेवढ्यात नवा बिघाड समोर आला.

डेटाबेसचे सर्व्हर दोन: मुख्य डीबी-१ आणि त्याच्यामागे सावलीसारखा चालणारा डीबी-२. मुख्य सर्व्हरवरच्या प्रत्येक बदलाची नोंद दुय्यम सर्व्हर वाचतो आणि स्वतःत उतरवून घेतो. भार इतका वाढला की दुय्यम मागे पडला, आणि त्याने वाचण्याआधीच मुख्य सर्व्हरने जुन्या नोंदी काढून टाकल्या. अशी फट पडल्यावर दुय्यम सर्व्हर रिकामा करून पहिल्यापासून भरणं, एवढा एकच उपाय इथे उरला.

अभियंत्याने तो रिकामा केला. भरणारी आज्ञा दिली, तर तिने जोडण्या कमी पडत असल्याची तक्रार केली. त्याने मर्यादा ३ वरून ३२ केली. आता पोस्टग्रेस पुन्हा सुरूच होईना, कारण दुसरी एक मर्यादा ८००० वर ठेवलेली होती. ती २००० वर आणली. सर्व्हर सुरू झाला, पण भरणारी आज्ञा नुसतीच थांबून राहिली. चूक दाखवेना, प्रगतीही दाखवेना. खरं तर ती मुख्य सर्व्हरकडून डेटा येण्याची मुकाट वाट पाहत होती आणि तिचं काही बिघडलेलं नव्हतं. आपण वाट पाहत आहोत, एवढी एक ओळ तिने पडद्यावर दाखवली असती तर पुढचं घडलंच नसतं असं मला वाटतं.

२३.२७

फोल्डरमध्ये आधीच्या प्रयत्नाच्या काही फायली उरल्या असतील, म्हणून हे अडलं असेल, असा अभियंत्याने अंदाज केला. फोल्डर पुसण्याची आज्ञा दिली. ती डीबी-२ वर द्यायची होती. दिली गेली डीबी-१ वर.

एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं आणि त्याने आज्ञा थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. साडेचार जीबी उरला. दुय्यम सर्व्हर तर त्याने स्वतःच आधी रिकामा केलेला.

मध्यरात्र

साइट बंद. आता एकच प्रश्न: मागे जायचं तर कुठपर्यंत?

रोजचा बॅकअप ॲमेझॉनच्या साठवणीत जात असे. ती उघडली, तर रिकामी. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप काढणारं साधन ९.२ चं, त्यामुळे बॅकअप निघतच नव्हता. तो निघत नसल्याच्या ईमेल जात होत्या, पण त्यांच्यावर आवश्यक ती डिजिटल सही नसल्याने मेल सर्व्हर त्या नाकारत होता. सर्व्हर ज्या अझूर सेवेवर चालत, तिथे डिस्कचे स्नॅपशॉट काढायची सोय होती, पण डेटाबेस सर्व्हरांसाठी ती चालूच केलेली नव्हती. तहान लागायच्या आधी विहिरी खणून ठेवल्या होत्या. पोहरा मात्र एकीतही कोणी सोडून पाहिला नव्हता. त्या एका माणसाच्या एका आज्ञेला दोष देणं म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं. साठवण रिकामी होती ती त्याच्या आज्ञेच्या आधीपासून, आणि ती रिकामी आहे हे पाहण्याचं काम कोणाच्याच वाट्याला दिलेलं नव्हतं.

हाताशी राहिला तो १७.२० चा स्नॅपशॉट. ज्याच्या हातून डेटा गेला, त्याच्याच हातची सहा तासांपूर्वीची प्रत.

१ फेब्रुवारी, दिवसभर

ती प्रत होती चाचणी सर्व्हरच्या स्वस्त, संथ डिस्कवर. तिथून डेटा सेकंदाला सुमारे ६० मेगाबिट या गतीनेच निघत होता. उतरवून घ्यायला १८ तासांच्या आसपास लागले. कंपनीने या काळात काहीही झाकलं नाही. दुरुस्तीच्या नोंदींचा दस्तऐवज सगळ्यांना वाचायला खुला ठेवला आणि यूट्यूबवरून काम थेट दाखवलं. स्वतःची उघडी पडलेली अवस्था अशी जगासमोर ठेवायला मोठं धैर्य लागतं, आणि त्याबद्दल मला त्या लोकांविषयी मनापासून आदर वाटतो.

१८.००

साइट पुन्हा सुरू झाली. कोड आणि विकी वेगळ्या जागी असल्याने त्यांना धक्का लागला नव्हता. मधल्या तासांतले सुमारे ५००० प्रकल्प, ५००० टिपणं आणि ७०० नवी खाती मात्र गेली. आदल्या संध्याकाळी खातं उघडून ज्याने आपला पहिला प्रकल्प मांडला होता, त्याने नाव आणि पासवर्ड घातला, तर असं कोणी इथे नाही, असंच साइटच्या लेखी होतं. तिच्यासाठी अजून मंगळवारचे पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.