ओमाहा पोकरमधील बहुखेळाडू डाव

ओमाहा पोकरच्या ज्या डावात फ्लॉपनंतरही तीन किंवा अधिक खेळाडू टिकून असतात, त्यास बहुखेळाडू डाव म्हणतात. ओमाहा हा टेक्सास होल्डेमशी जवळचे नाते असलेला पत्त्यांचा खेळ असून तो बहुधा पॉट-लिमिट पद्धतीने, म्हणजे पैजेची कमाल मर्यादा जमलेल्या रकमेवरून ठरवून, खेळला जातो. खेळाडूंना अधिक पत्ते मिळत असल्याने यात मोठे हात वारंवार तयार होतात. त्यामुळे आपला हात चांगला आहे का, यापेक्षा तो शक्य असलेल्या हातांपैकी सर्वोच्च आहे का, हा प्रश्न निर्णायक ठरतो. अशा सर्वोच्च हातास खेळाडू ‘नट्स’ म्हणतात.

नियम

प्रत्येक खेळाडूस चार खासगी पत्ते दिले जातात. त्यानंतर टेबलावर पाच सामाईक पत्ते उघडले जातात : प्रथम तीन (फ्लॉप), मग चौथा (टर्न) आणि शेवटी पाचवा (रिव्हर). पाच पत्त्यांचा हात करताना नेमके दोन खासगी व तीन सामाईक पत्ते वापरणे बंधनकारक असते. म्हणून टेबलावर चार इस्पिक असले, तरी हातात एकच इस्पिक असलेल्या खेळाडूचा फ्लश होत नाही.

गणिती पार्श्वभूमी

होल्डेममध्ये सुरुवातीच्या पत्त्यांचे १,३२६ संच संभवतात. ओमाहामध्ये ही संख्या २,७०,७२५ आहे. चार पत्त्यांतून दोन-दोन पत्त्यांच्या सहा जोड्या निघतात. चार खेळाडूंच्या डावात तीन प्रतिस्पर्ध्यांकडे मिळून अशा १८ जोड्या असतात. साहजिकच दोन जोड्या किंवा लहान फ्लश यांचे मूल्य खेळाडूंच्या संख्येबरोबर घसरते.

उदाहरण

फ्लॉपवर इस्पिकची अठ्ठी, इस्पिकची तिर्री आणि किलवरचा राजा उघडला आहे. पॉटमध्ये १२० चिप्स आहेत. पहिला खेळाडू १२० ची पैज लावतो व दोघे तिची बरोबरी करतात. पॉट ४८० होतो. चौथ्या खेळाडूकडे इस्पिकची राणी व इस्पिकची पंजी असून उरलेले दोन पत्ते निरुपयोगी आहेत.

त्यास ६०० च्या अंतिम पॉटसाठी १२० द्यावयाचे आहेत, म्हणजे किमान २० टक्के संधी आवश्यक आहे. न दिसलेल्या ४५ पत्त्यांत ९ इस्पिक आहेत. टर्नवर फ्लश होण्याची शक्यता नेमकी २० टक्के असून रिव्हरपर्यंत ती सुमारे ३६ टक्के होते. वरकरणी बरोबरी करणे योग्य वाटते.

मात्र हा हिशेब फ्लश होण्याचा आहे, जिंकण्याचा नाही. इस्पिकचा एक्का व राजा यांपैकी किमान एक पत्ता प्रतिस्पर्ध्यांच्या १२ पत्त्यांत असण्याची शक्यता, पत्ते कसेही वाटले गेले असे धरले तरी, सुमारे ४७ टक्के आहे. वरचढ फ्लशसाठी त्यासोबत आणखी एक इस्पिक लागते हे खरे. परंतु मोठ्या पैजेची बरोबरी करणाऱ्यांकडे अशीच जोडी असण्याचा संभव अधिक असतो. शिवाय इस्पिकचा राजा आल्यास टेबलावर राजांची जोडी होऊन फुल हाउसचा मार्ग खुला होतो. टर्नवर झालेल्या दर चार फ्लशांपैकी एक जरी हरला, तरी २० टक्क्यांची संधी १५ टक्क्यांवर येते.

याच जागी इस्पिकचा एक्का व पंजी असती, तर टर्नला आलेल्या नऊपैकी आठ इस्पिकांवर नट्स मिळाले असते. येणाऱ्या पत्त्यांची संख्या तीच असूनही पहिला निर्णय जोखमीचा आणि दुसरा लाभदायक ठरतो. फरक पुढील पैजांत वाढत जातो : एक्का असलेल्यास लहान फ्लशवाला पैसे देतो, तर राणी असलेल्याकडून मोठी रक्कम स्वीकारणारा बहुधा वरचढच असतो.

फसवी पैज

खेळाडू वाढल्यावर फसव्या पैजेची उपयुक्तता झपाट्याने घटते. पॉटएवढी फसवी पैज निव्वळ प्रतिस्पर्ध्यांच्या माघारीवर फायद्यात राहण्यासाठी ती निम्म्याहून अधिक वेळा यशस्वी व्हावी लागते. प्रत्येक प्रतिस्पर्धी स्वतंत्रपणे ६० टक्के वेळा पत्ते टाकतो असे मानल्यास एकासमोर ती फायद्याची आहे. तिघांसमोर मात्र सर्वांनी पत्ते टाकण्याची शक्यता २१.६ टक्केच उरते.

बसण्याचे स्थान

शेवटी निर्णय घेणाऱ्यास इतरांच्या पैजा पाहून किंमत निश्चित करता येते. मधल्या खेळाडूने पैजेची बरोबरी केली, तरी मागील कोणी ती वाढवू शकतो आणि गृहीत धरलेली किंमत बदलते. म्हणूनच सुरुवातीच्या स्थानावर नट्सकडे न नेणारे पत्ते टाकून देणे सामान्यतः श्रेयस्कर मानले जाते.